हाकाऱ्याशिवाय उचललेली नाव

माझं माहेर धरणाच्या पल्याड, डोंगराला टेकलेल्या एका वाडीत. सासर अल्याड, कासार आंबोलीच्या बाजूला, पौड रस्त्याला लागून. मध्ये पाणी. लग्न लागल्यावर मी नावेत बसून इकडे आले, पहिल्या बाळंतपणाला नावेत बसूनच तिकडे गेले, आणि आई गेली तेव्हा मला न्यायला काठाला नावच उभी होती. त्यामुळे माहेर म्हटलं की मला घर आठवत नाही बघा, आधी ती नाव आठवते. तिच्या फळ्यांना चोळलेल्या करंजाच्या तेलाचा वास आठवतो.

नाव लाकडी, चांगली ऐसपैस. वाडीनं मिळून केलेली. बांधताना प्रत्येक घरातल्या माणसानं येऊन तिला एकेक खिळा ठोकला होता. उद्या कुणी म्हणायला नको, की ही अमक्याची. तिला नाव असं काही ठेवलं नव्हतं. नावेला नाव कशाला? माझे वडील ती चालवायचे, त्यांच्यामागं माझा धाकटा भाऊ चालवायला लागला. दुधाच्या किटल्या, भाताची पोती, दवाखान्याला निघालेलं माणूस, सगळं तोच वाहायचा. रस्त्यानं यायचं तर सगळ्या धरणाला वळसा, आणि तो रस्ताही असून नसल्यासारखा.

आता पाण्याचं थोडं सांगते, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. उन्हाळ्यात धरण उतरत जातं, काठाला नुसता चिखल उरतो. पाऊस लागला की तेच पाणी वाऱ्याबरोबर चढत येतं. लाकडी नाव तेव्हा पाण्यात बांधून ठेवली तर दगडावर आपटून तिचा भुगा होणार. म्हणून दरवर्षी मिरगाच्या आधी ती बाहेर काढायची, वर खोपीत ठेवायची, आणि दसऱ्याच्या सुमाराला परत पाण्यात सोडायची.

काढायच्या दिवशी नावाड्यानं टेकाडावर उभं राहून हाकारा घालायचा. “नाव निघालीऽऽ होऽऽ” अशी लांब हाळी. ती कानावर पडली की घरटी एक माणूस खाली उतरणार. बाप्या नसेल तर बाई, बाई नसेल तर म्हातारी. दोर धरवत नसला तरी चालेल, पण हात लागला पाहिजे. एखाद्या घरचं कुणी आलं नाही तर बाकीचे थांबायचे. मग कुणीतरी वर जाऊन विचारायचं, “का गं, काय झालं?” रुसवा असला तर त्याच चिखलात उभ्या उभ्या मिटवायचा. तोवर नाव हलवायची नाही. मग खाली ओंडके, पुढं दोर, आणि ओरडा तर असा की पल्याडचे बगळे उडायचे. नाव वर आली की सगळ्यांचा मिळून भात आणि चिंबोऱ्यांचा झणझणीत रस्सा.

मला लहानपणी वाटायचं, नाव जड आहे म्हणून सगळ्यांना बोलावतात. एवढंच.

पुढं वाडीतली माणसं कमी होत गेली. कुणी हिंजवडीला कंपनीच्या गेटवर उभा राहतो, कुणी कॅब चालवतो, सणाला येतात आणि जातात. हाकारा घातला तरी खाली उतरायच्या त्या म्हाताऱ्या आणि आमच्या वयाच्या बायका. एका वर्षी दोर निसटला, नाव मागं घसरली आणि माझ्या मैत्रिणीच्या नवऱ्याचं पाऊल ओंडक्याखाली गेलं. ही मैत्रीण माझी लहानपणची, वाडीतल्या वाडीतच दिलेली. तिचा नवरा तेव्हापासून काठी घेऊन चालतो.

त्यानंतर भाऊ माझ्याकडे आला. आमच्या ह्यांची फॅब्रिकेशनची शेड होती, गेटं, ग्रिल, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या. हे गेल्यावर ती मीच चालवते. वेल्डिंग मला कुणी बसवून शिकवलं नाही, बघत बघत आलं. आधी लोक यायचे आणि विचारायचे, “मालक कुटंयत?” आता विचारत नाहीत.

भाऊ शेडात पाटावर बसला, चहाचा कप हातात तसाच.

“आक्का, तुज्या लोखंडातनं कायतरी काड बाई. माणसं न्हाईत आता वडायला.”

“काय काडू? क्रेन काडू?” मी हसले.

“तुला काय अशक्य हाय व्हय? तू आमच्यात लई हुशार, आण्णा म्हणायचं.”

आण्णा म्हणजे आमचे वडील. त्यांनी असं कधी म्हटल्याचं मला आठवत नाही. पण ऐकायला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मी कामाला लागले. डोक्यात एक चित्र होतं, म्हैस बसते तसं. आधी पुढचे पाय दुमडते, मग मागचे, आणि उठताना सगळं अंग घेऊन उठते. तसा ट्रेलर पाहिजे, जो चिखलात जाऊन बसेल, नावेला पोटाशी घेईल आणि उठेल. सांगाडा केला घोड्याच्या नालासारखा, मागून उघडा, म्हणजे तो मागं सारत नावेच्या दोन्ही अंगांनी न्यायचा. खालून रुंद पट्टे घालायचे. चाकं लावली मोठ्या दांड्यांना, आणि दांडे फिरवायला दोन हायड्रॉलिक जॅक, पलटी मारणाऱ्या ट्रॉलीचे असतात तसले. ट्रॅक्टरचं तेल पाइपातून जॅकला. ट्रॅक्टरवर बसल्या बसल्या एक दांडी ओढली की सांगाडा खाली बसतो, ढकलली की उठतो. चिखलात रुतू नये म्हणून दोन्ही अंगांना डबल टायर.

म्हणायला सोपं. पहिल्या चाचणीला मी पाण्यानं भरलेली टाकी पट्ट्यांवर ठेवली आणि दांडी ढकलली, तर डावी बाजू उठली आणि उजवी बसूनच. टाकी आडवी, शेडभर पाणी, आणि आमचा कामगार पत्र्याच्या ढिगावर उभा! तेलाचं असं असतं, ज्या बाजूला ओझं कमी तिकडं ते आधी पळतं. जॅक बदलले, पाइप सारख्या लांबीचे केले, तरी तेच. आणि एक दिवस समोरच्या खाचरात बैलांची चिखलणी चालली होती, ती मी बघत उभी राहिले. दोन्ही बैल काही सारख्या ताकदीचे नव्हते. पण मानेवर जू एक, त्यामुळे पाऊल एक. मी आत आले आणि दोन्ही दांड्यांना जोडणारी जाड आडवी शाफ्ट टाकली. दुसऱ्या खेपेला टाकी अशी उठली, की वरचं पाणीसुद्धा डचमळलं नाही. भाऊ हजर होता. त्यानं माझे हात धरून मला शेडात गोल फिरवलं. साठी ओलांडलेली बाई मी!

अजून एक केलं. वर उचलल्यावर तेल गळालं तर ओझं खाली यायला नको, म्हणून दांड्यांना भोकं पाडून जाड पिना केल्या. पिन घातली की जॅक मेला तरी सांगाडा वरच.

ट्रेलर वाडीत नेला त्या दिवशी भावानं हाकारा घातला, रीत म्हणून. होती तेवढी घरं खाली उतरली. बायकांनी सवयीनं पदर खोचले. भावानं ट्रेलर मागं सारला, पट्टे घातले, आणि ट्रॅक्टरवर बसून माझ्याकडे वळून ओरडला, “आक्का, बघ गं! एका हातानं!” त्यानं खरोखर दुसरा हात वर हवेत धरला होता. नाव उठली. पाणी गाळत, चिखल गाळत, शहाण्या म्हशीसारखी उठली.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या डोळ्यांना पाणी आलं. शेजारी मैत्रीण होती, तिचे हात तसेच पुढं धरलेले.

“आनि आमी काय करायचं गं आता?” ती म्हणाली.

“तुमी भात खायचा,” मी म्हटलं.

केवढे हसलो. रस्सा त्याही दिवशी केला होता, पण त्या जेवणाला कशी कोण जाणे चव नव्हती. घाम न गाळता बसलेली माणसं लवकर उठली.

ट्रेलर मी भावाच्या ताब्यात दिला. माझ्या शेडात ठेवून काय करू? आणि तो काय परका होता?

दुसऱ्या वर्षी दसरा उलटल्यावर आठवड्यात मैत्रिणीचा फोन. “बये, नाव कुटं हाय?”

“कुटं म्हंजी? खोपीत असंल. अजून सोडली न्हाई का पान्यात?”

“खोप रिकामी हाय. तुजा भाव फोन उचलंना. दसरा झाला, आमी वाट बगून ऱ्हायलो. माज्या सुनंला दवाखान्यात न्याचं तर खांद्यावर घिऊन गेले.”

मी तिच्यावरच चिडले. म्हटलं, डागडुजीला नेली असेल, फळ्या बदलायच्या होत्या, तो मला बोलला होता. तो मला काही बोलला नव्हता. पण मी ते इतक्या ठासून सांगितलं की माझं मलाच खरं वाटलं. पुढं वाडीतून ज्याचा ज्याचा फोन आला, त्याला मी तेच सांगत राहिले. माझ्या तोंडून गेलं म्हणून त्यांनी मानलंही.

आणि मग मला एका रिसॉर्टचं काम आलं. धरणाच्या अल्याड काठाला, शनिवार-रविवारी गाड्यांची रांग लागते तसलं. त्यांचं मोठं सरकतं गेट अडकत होतं. मी कामगाराला घेऊन गेले. गेटाचं चाक बदललं, आणि मॅनेजर म्हणाला, आतल्या जेट्टीचं रेलिंगही जरा बघा. तरुण माणूस, बोलायला चांगला. मी त्याच्या मागून हिरवळीवरून खाली उतरले.

पाण्यात आमची नाव होती.

पांढरी रंगवलेली, निळा काठ, वर झालरीचं छत, बाजूला इंग्रजीत कसलंसं नाव लिहिलेलं. तरी ओळखली. तिच्या नाकाला डावीकडं जरा बाक आहे, लाकूडच तसं मिळालं होतं. काठावर झाडाखाली माझा ट्रेलर, त्यालाही पांढरा रंग. आणि नावेत उभा राहून पाहुण्यांना हात देऊन उतरवणारा माझा भाऊ. पांढरा शर्ट, पांढरी पँट, डोक्यावर सोनेरी पट्टीची टोपी.

मॅनेजर कौतुकानं म्हणाला, “हे आमचे कॅप्टन. मावशी, तुमच्याच लाइनमधले आहेत. हा हायड्रॉलिक ट्रेलर बघा, त्यांनी स्वतः डिझाइन केलाय. एकटा माणूस बोट उचलतो!”

मी भावाकडे बघितलं. भावानं माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता म्हणेल. आता म्हणेल.

“या गेटवाल्या बाई का?” तो मॅनेजरला म्हणाला. “काम चांगलं करत्यात असं ऐकलंय.”

तुम्हाला सांगते, नाव नेल्याचं मला त्या क्षणी काही वाटलं नाही. ते सगळं मागून आलं. त्या क्षणी एवढंच कळलं, की ज्याला मी कडेवर घेऊन त्याच नावेतून जत्रेला नेलं, तो मला ओळखत नाही.

मी रेलिंग बघितलं. दोन ठिकाणी टाके सुटले होते, ते मारले. वेल्डिंगची काच तोंडावर असली की एक बरं असतं, कुणाला काही दिसत नाही.

निघताना तो गेटापाशी पळत आला. टोपी हातात.

“आक्का, ऐक तरी. मी इकली न्हाई नाव. चालवायला दिलीया. वाडीत हायेत किती माणसं? पडूनच असायची.”

“सुनंला खांद्यावरनं नेली त्यांनी.”

“एकांदा दिस व्हतं तसं. आक्का, आयुष्यभर दुधाच्या किटल्या उचलल्या मी. हितं मला कॅप्टन म्हणत्यात. साहेब लोक हात मिळवत्यात.”

“आनि मला काय म्हणालास?”

तो खाली बघत राहिला. “त्यांना सांगितलं व्हतं ना, ट्रेलर मी केला म्हनून. मग तू कोन ते कसं सांगू आक्का?”

“कवा नेलीस नाव?”

“जेष्ठातच. खोपीत न्हेतो म्हनून उचलली ती तशीच रस्त्याला काडली. बाकीचे लावनीच्या रोपांत व्हते.” आणि मग, जणू मला बरं वाटावं म्हणून, “तुजा ट्रेलर लई झ्याक गं. कुनाला हाक सुदिक माराय लागली न्हाई.”

घरी येताना त्याचं ते वाक्य डोक्यात फिरत राहिलं, आणि मग मला समजलं की आमच्या म्हाताऱ्या माणसांनी काय करून ठेवलं होतं. नाव हलवायला सगळी लागायची, म्हणून ती सगळ्यांची होती. हाकारा म्हणजे मदतीची हाक आहे असं मी जन्मभर समजले. ते विचारणं होतं. घरटी एक हात लागला म्हणजे घरटी एक होकार. ते ओझं मी एका दांडीवर आणून ठेवलं, कुणाचं पाऊल चेंगरू नये म्हणून. मैत्रीण मला तसं कधी बोलली नाही. मीही स्वतःला बोल लावणार नाही. ट्रेलरनं जे सांगितलं ते केलं. सांगणारा हात माझ्या भावाचा होता.

वाडीला मी फोन करून खरं काय ते सांगितलं. मैत्रीण म्हणाली, “तू म्हनालीस म्हनून आमी गप बसलो व्हतो गं.” दोघं-तिघं रिसॉर्टवर जाऊन आले. त्यांना गेटाच्या आत घेतलं नाही. ते गेट मीच सरळ केलेलं.

त्या दिवाळीत भाऊ ओवाळून घ्यायला आला नाही. मी ताट केलं नव्हतंच, असं मी लोकांना सांगते. केलं होतं.

यंदा ज्येष्ठात त्याचा फोन आला. “आक्का, ट्रेलर बिगाडला. नाव उचलली का हळूहळू खाली येती. पिना घालून ठिवलीया. हितल्या कुनाला समजंना.”

मी फोनवरच ओळखलं. जॅकचं ऑइल सील गेलेलं. मी जाऊन तासाभरात बदललं असतं.

“नावंसकट हितं शेडात आन,” मी म्हटलं. “ओझ्याखाली बगितल्याबिगर कळायचं न्हाई.” हे अर्धं खरं होतं.

तो आला. माझ्यावर भरवसा होता बघा त्याचा! पिनांवर तोललेली पांढरी नाव पौड रस्त्यानं मिरवत आणली आणि शेडात लावली. मी पिना काढल्या. ट्रेलर हळूहळू खाली बसला, नाव खाली टेकली. मग मी ट्रॅक्टरचा पाइप सोडवला आणि खुंटीला टांगला.

“कवा येऊ न्यायला?” त्यानं विचारलं.

“हाकारा घाल,” मी म्हटलं. “वाडीत जाऊन टेकाडावरनं घाल. घरटी एक मानूस हितं आलं, का उचलते. ते म्हनतील त्या काठाला सोडते. तुज्या रिसॉर्टला म्हनले तर रिसॉर्टला.”

तो हसला आधी. मग हसायचा थांबला.

मॅनेजरचे फोन येतात. पहिल्यांदा त्यानं विचारलं, “मावशी, नक्की काय अडलंय?” मी म्हटलं, हाकारा झाला की लगेच देते. तो म्हणाला, “तो पार्ट पुण्यात मिळत असेल तर मी माणूस पाठवतो ना!” मी एकटीच शेडात किती हसले असेन. पुष्कळ दिवसांनी हसले.

मैत्रीण वळशाच्या रस्त्यानं, दोन जीप बदलून येऊन गेली. नावेभोवती फिरली, रंगावरून बोटं फिरवत राहिली. रंगाखाली खिळ्यांची टोकं लागतात हाताला. एका ठिकाणी थांबून म्हणाली, “ह्यो आमचा.” मग चहा प्यायलो. तिला म्हटलं, तुम्ही सगळ्या मिळून या, हाकाऱ्याची कशाला वाट बघता. ती म्हणाली, “नावाड्यानं घालायचा असतुया. त्याचं त्यानं घालू दे.” चिडून नव्हती म्हणत. साधं, रीत सांगावी तसं.

भाऊ अधूनमधून येतो. टोपी आणत नाही. परवा आला, शेडाच्या पत्र्यावर पाऊस इतका की ओरडून बोलावं लागत होतं. नावेच्या कडेला टेकून चहा प्यायला.

“उचल ना आक्का.”

“हाकारा घाल.”

“कोन येनार हाय माज्या हाकाऱ्याला?”

“ते घातल्यावर कळंल.”

“आनि कुनीच न्हाई आलं तर?”

हेच त्याचं भय आहे, मला माहीत आहे. कारण माझंही तेच आहे.

सील मी तो नाव घेऊन आला त्याच दिवशी संध्याकाळी बदललंय. त्याला ठाऊक नाही. पाइप खुंटीवर आहे, ट्रॅक्टर दारात आहे, दांडी त्याच्या हाताच्या अंतरावर होती. पाइप जोडून ढकलली असती तर नाव उठली असती, एका हातानं. त्यानं दांडीकडे बघितलं, मग खुंटीकडे. कप खाली ठेवला.

“दसरा आला जवळ,” तो म्हणाला.

“व्हय,” मी म्हटलं.

तो पावसात गेला. वाडीच्या बाजूला वळला की रिसॉर्टच्या, ते मी बघायला दारापर्यंत गेले नाही.